सहावा धडा

तिसऱ्या बाईला आबांनी आपटलं तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते. मी पोचले तेव्हा पावणेअकरा. रंजना भिंतीला टेकून फरशीवर बसली होती आणि तिचा उजवा हात कोपरापाशी उलट्या बाजूला वळला होता. ती ओरडत नव्हती. दातांत तिनं पदराचा बोळा धरला होता. तो लाल झाला होता, कारण आपटताना तिची जीभ दाताखाली आली होती.

आबा पलंगावर बसले होते. बळवंत खोत, वय चौऱ्याहत्तर. एके काळचे नावाजलेले पैलवान, आणि गेली चार वर्षं स्मृतिभ्रंशाचे पेशंट. मुलाचं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण मान अजून खांद्यांइतकी रुंद होती. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून ते समोर बघत होते. श्वास जरा जोरात चालला होता, एवढंच.

"कसं झालं?" मी विचारलं.

रंजनानं बोळा काढला. "आंघोळीला उठवत होते."

"धड्याप्रमाणं?"

"तुम्ही शिकवलं तसंच धरलं होतं, सिस्टर. आईशप्पत."

सत्तावीस वर्षं वॉर्डात काढली होती. ज्याच्या हातून पेशंट पडतो तो प्रत्येक जण हेच म्हणतो.

दारात आबांचा मुलगा प्रतापराव उभा होता. त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि तो तिथूनच आला होता, कारण हाताला ग्रीस होतं.

"सिस्टर, तुमच्या बायका ट्रेनिंगवाल्या म्हणून आम्ही घेतल्या."

"ट्रेनिंगवाल्याच आहेत."

"मग दर आठवड्याला एकीला उचलून न्यायला कसं काय येताय?"

रंजनाचा हात मी फळीला बांधला. बांधताना हाडाचं टोक कातडीखाली सरकलेलं बोटांना कळलं. ती एकदाच किंचाळली. पलंगावरच्या आबांनी त्या आवाजाकडे मान वळवली नाही.

ही गोष्ट सांगलीतली, पंधरा वर्षांपूर्वीची. मी मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झाले होते आणि चर्चशेजारच्या हॉलमध्ये घरी पेशंट सांभाळणाऱ्या बायकांचा वर्ग काढला होता. पहिल्या तुकडीत अकरा जणी होत्या. कुणी शेतमजुरी सोडून आलेली, कुणी धुणीभांडी. त्यांना तीन महिने शिकवायचं, मग घराघरांत पाठवायचं, आणि त्या टिकल्या तर दुसरी तुकडी घ्यायची. टिकणं हाच सगळा प्रश्न होता. या कामाला बाया मिळतात, राहत नाहीत. पेशंट चावतो, थुंकतो, मारतो, आणि घरचे बाईलाच विचारतात की तू काय केलंस.

मी दहा धडे लिहून काढले होते. सहावा होता पेशंटला उठवण्याचा. पेशंटच्या मागे जायचं. त्याच्या काखांतून आपले हात पुढे घ्यायचे. त्याचीच मनगटं त्याच्या छातीवर पकडायची, घट्ट. मग गुडघ्यांत वाकून, कंबर सरळ ठेवून, एका झटक्यात वर. वॉर्डात माझ्यासमोर चार आयांच्या कमरा कायमच्या गेल्या होत्या, सगळ्या समोरून ओढून उठवणाऱ्या. माझ्या पद्धतीनं एकीचीही गेली नव्हती. तो धडा आल्याशिवाय मी कुणाला प्रमाणपत्र देत नसे.

आबांकडे पहिली गेली आशाबी मुल्ला. पाचव्या दिवशी तिचे वरचे दोन दात गेले. दुसरी मालन. ती चौथ्या दिवशी कपाटावर जाऊन आदळली आणि तीन बरगड्या मोडल्या. मध्ये वर्गाबाहेरचा एक पुरुष पाठवला, तर त्याला आबांनी उंबऱ्यातच मानेला धरलं. तो पळाला तो चपलाही न घेता. तिसरी रंजना. तिघींच्याही जबाबाखाली मी रजिस्टरमध्ये एकच ओळ लिहिली: सूचनेप्रमाणे न हाताळल्यामुळे इजा. आणि शनिवारच्या वर्गात सगळ्यांसमोर ती वाचून दाखवली.

आशाबी उभी राहिली. पुढचे दात नसल्यामुळे तिचे शब्द फुसफुसत होते. "सिस्टर, मी खोटं बोलते असं म्हणताय काय?"

"तू चुकलीस असं म्हणते."

"आणि मालनपण चुकली? आणि रंजना?"

"धडा बरोबर असेल आणि बाई मोडत असेल, तर कुणाचं चुकलं?"

ती निघून गेली. मालन त्याआधीच गेली होती. तिच्याबरोबर तिची जाऊही. रंजना प्लास्टर घालून गावी, एरंडोलीला. अकरातल्या सात उरल्या.

मी आबांचं घर सोडून देऊ शकत होते. पण साऱ्या विश्रामबाग भागात ते घर माहीत होतं. माझ्या बायका तिथून पळाल्या अशी बोंब झाली असती तर इतर दारं बंद झाली असती. त्याहून वाईट म्हणजे उरलेल्या सातजणींच्या घरचे म्हणू लागले होते, मार खायला कशाला जायचं. एक बाई त्या घरात टिकली पाहिजे होती. एक टिकली की सात टिकतील, आणि ती न टिकली तर वर्गाला कुलूप, एवढा साधा हिशेब होता.

"कोण जाणार?" मी विचारलं.

कुणी मान वर केली नाही. मग मागच्या चटईवरून आवाज आला, "मी जाते की."

पारू गुरव. तासगावकडची, चाळिशीची, उंचीनं माझ्या खांद्यापर्यंत. सहाव्या धड्यात ती तीनदा नापास झाली होती, कारण तिचे हात मोठ्या माणसाच्या छातीभोवती पोचतच नसत. म्हणून मी तिला प्रमाणपत्र दिलं नव्हतं. ती हॉल झाडायची आणि चहा करायची.

"तुला उचलता येत नाही, पारू."

"न्हाई येत. पन बाकीच्यांस्नी येतं आन् त्या दवाखान्यात हाईत." बायका हसल्या. त्या महिन्यात पहिल्यांदाच. "मला न्हाईतरी कोन नेतंय? तुमचा कागूद न्हाई माज्याजवळ. तितं टिकले तर देशीला का?"

"देईन. पण धड्याप्रमाणं करावं लागेल."

ती हो म्हणाली नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पहिल्या दिवशी फोन आला नाही. पाचव्या दिवशी आला नाही. अकराव्या दिवशी मी स्वतः प्रतापरावाला फोन केला.

"काय म्हणताय सिस्टर, एक नंबर," तो म्हणाला. "आबा आंघोळ करतात, जेवतात, व्हरांड्यात चालतात. आधीच हिला का नाही पाठवलंत?"

वर्गात मात्र कुजबुज सुरू झाली. "बांधत असंल," एकजण म्हणाली. "न्हाईतर गोळ्या देत असंल," दुसरी. आमच्या धंद्यात ही दोन्ही पापं सर्रास होतात. साडीनं पेशंटचे हात पलंगाला बांधायचे, नाहीतर झोपेच्या दोन गोळ्या जास्त. पेशंट शांत दिसतो आणि बाईला शाबासकी मिळते. मलाही तीच शंका होती. पाच फूटही उंच नसलेली बाई त्या माणसाला रोज कशी उठवते?

चौदाव्या दिवशी मी न कळवता गेले. सकाळचे साडेनऊ. आबांच्या मनगटांवर वळ नव्हते. डोळे तरतरीत होते. गोळ्यांची पट्टी मोजली, बरोबर होती.

"आता त्यांना आंघोळीला ने," मी म्हणाले. "मी बघते."

पारू पलंगासमोर गेली. मागे नाही, समोर. ती उकिडवी बसली, फरशीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि उजवा हात आबांपुढे धरला. आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग तेही थोडे वाकले, हात फरशीकडे नेला, कपाळाला लावला आणि तिचा पंजा धरला. पारू उठली. तिच्याबरोबर आबा आपोआप उठले. तिनं काहीच उचललं नव्हतं.

मला ते एखाद्या देवऋष्याच्या खेळासारखं वाटलं. आणि मला राग आला, हे मी आज सांगू शकते.

"हे काय?"

"उठिवलं की."

"हे उठवणं नाही. त्यांचा तोल पुढे गेला तर सगळं अंग तुझ्यावर येईल. त्यांचं खुब्याचं हाड जाईल आणि तुझी कंबर. बसव त्यांना. धड्याप्रमाणं उठव."

तिनं आबांना बसवलं. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, नगा. त्यास्नी मागनं धरल्यालं खपत न्हाई."

"पेशंटला काय खपतं हे विचारून कुणी उचलत नाही, पारू."

"आवो, पन माजा बाप तालमीत..."

"कारणं नकोत. अकरा बायकांना मी एक शिकवलं आणि तू चौदा दिवस दुसरंच करतेस. उद्या आबा पडले तर मी काय सांगू? कागद पाहिजे ना तुला?"

तिनं पदर कमरेला खोचला आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

ती पलंगावर चढून आबांच्या मागे गेली. गुडघ्यांवर बसली. काखांतून हात घातले. उंची कमी म्हणून तिला त्यांच्या पाठीला गाल चिकटवावा लागला. पण या वेळी हात पोचले. तिनं दोन्ही मनगटं छातीवर पकडली. अगदी मी शिकवलं होतं तशी.

पुढचं सगळं तीन-चार सेकंदांत झालं. आबांची हनुवटी छातीला टेकली. उजवं मनगट त्यांनी सहज सोडवलं आणि त्याच हातानं तिचा दंड वरून धरला. मग ते उठले, कुणाच्याही मदतीशिवाय, एका दमात, आणि उठता उठता कमरेत वाकले. पारू त्यांच्या खांद्यावरून आली. तिचे पाय छताकडे गेले, टाच पंख्याच्या पात्याला लागली, आणि ती समोरच्या लोखंडी कपाटावर डोकं आपटून फरशीवर पालथी पडली. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला.

मला वाटलं आता ते मारतील. त्यांनी मारलं नाही. त्यांनी तिला खांद्याला धरून उताणं केलं. गुडघा तिच्या पोटावर ठेवला. दोन्ही तळहातांनी तिचे दोन्ही खांदे फरशीला दाबले, आधी उजवा, मग डावा, नीट टेकले की नाही ते पाहून. तिच्या कानामागून रक्त वाहत होतं आणि फरशीवरून त्यांच्या हाताखाली येत होतं. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. वाट बघितल्यासारखं.

मी ओरडले. प्रतापराव धावत आला. त्याच्या हातात दाराचा लाकडी अडसर होता.

"सोडा! सोडा म्हणतो ना!"

पहिला घाव पाठीवर बसला. दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला आबांच्या दंडाची कातडी फाटली. ते हलले नाहीत. रक्त गळत असताना त्यांची नजर माझ्यावरच होती. खालून पारूचा आवाज आला. गुडघ्याखाली श्वास अडकत होता म्हणून शब्द तुटत होते.

"सिस्टर... निकाल द्या."

"काय?"

"निकाल द्या वो. पंच तुमी हाय. चितपट म्हना."

मला कुस्तीतलं काही कळत नव्हतं. मी नगरच्या मिशन कंपाउंडात वाढलेली. तरी मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, "चितपट."

आबांनी लगेच हात काढले. गुडघा उचलला. ते उभे राहिले आणि खाली पडलेल्या पारूला उठवायला त्यांनी हात पुढे केला. तिनं तो धरला. ती अर्धी उठली होती तेवढ्यात प्रतापरावानं अडसर चौथ्यांदा उचलला आणि वडिलांच्या डोक्यात घातला.

आबा तिच्याच अंगावर कोसळले.

रिक्षात पारूचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझी साडी भिजून पायाला चिकटली होती.

"माजा बाप तालमीत माती मळायचा," ती डोळे मिटून म्हणाली. "ताक, तेल, हळद घालून. ल्हानपनी मी तितंच खेळायची. मागनं येऊन काखंत हात घातला, मनगाट धरलं, की कुस्ती लागली. झोपंतल्या पैलवानाला धरा, तरी त्यो फेकतोय. समोरनं सलामी दिली, तर हात धरून उठतोय."

"आधी का नाही सांगितलंस?"

तिनं एक डोळा उघडला. दुसरा सुजून बंद झाला होता. "सांगत हुते की."

तिच्या डोक्याला चौदा टाके पडले. डाव्या कानानं तिला त्यानंतर कधी नीट ऐकू आलं नाही.

त्या संध्याकाळी मी रजिस्टर उघडलं. आशाबी, मालन, रंजना. तिघींचे जबाब मीच लिहून घेतले होते, शब्दन् शब्द. मागे गेले. काखेतून हात घातले. मनगटं धरली, घट्ट. तिघींनीही तेच सांगितलं होतं. ज्यानं त्यांना फेकलं तो माणूस घरातल्या कुणालाच ओळखत नव्हता. माझ्या धड्याला मात्र त्यानं चारही वेळा ओळखलं.

डोक्याची जखम भरताच प्रतापरावानं आबांना कोल्हापूर रस्त्यावरच्या एका संस्थेत ठेवलं. मी एकदा गेले. त्यांची मनगटं बँडेजच्या पट्ट्यांनी पलंगाच्या गजांना बांधली होती आणि कातडी सोलून निघाली होती. एका डोळ्याभोवती काळं पडलं होतं. दोन माणसं आली, पट्ट्या सोडल्या आणि त्यांना मागून धरलं. आबांनी उजवीकडच्याला कोपर मारलं. त्यानं आबांच्या तोंडावर ठोसा मारला, अगदी सवयीनं, बोलता बोलता.

"समोरून हात द्या," मी म्हणाले. "फरशीला हात लावून द्या. ते आपले उठतात."

"तुम्ही कोण?"

मी नर्स असल्याचं सांगितलं.

"मग बाहेर थांबा सिस्टर. भेटायची वेळ चार ते पाच."

पाच आठवड्यांनी आबा गेले.

त्याआधीच मी एरंडोलीला जाऊन आले होते. रंजना अंगणात डाव्या हातानं शेंगा निवडत होती. प्लास्टर निघालं होतं, पण हात सरळ होत नव्हता. कोपर काटकोनात अडकलं होतं. तिच्या सासूनं मला पाणी दिलं. रंजनानं बसा म्हटलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

ती शेंगा निवडत राहिली. मग म्हणाली, "हे इथं सांगून काय उपेग? मला आधीच माहीत होतं."

"तू परत ये."

"तुम्ही खोटारडी ठरवली ती सगळ्या वर्गासमोर. आमच्या गावात दोघींनी मला विचारलं, म्हाताऱ्याला काय केलंस म्हणून. आणि खरं सांगायला माझ्या एकटीच्या दारात आलाय होय?"

शनिवारी नऊ वाजता हॉलमध्ये नऊ जणी होत्या. उरलेल्या सहा, डोक्याला पट्टी बांधलेली पारू, आशाबी आणि सर्वांत शेवटी येऊन दाराशी बसलेली रंजना. मालनकडे मी दोनदा गेले होते. तिच्या नवऱ्यानं दोन्ही वेळा दार लावून घेतलं.

मी रजिस्टर हातात घेऊन उभी राहिले. "आशाबीनं, मालननं आणि रंजनानं आबांना मी शिकवलं तसंच धरलं होतं. चूक धड्यात होती. त्या खरं बोलत होत्या. पारूलाही तसं धरायला मीच लावलं, ती नको म्हणत असताना." मग त्या तीन ओळींवर मी काट मारली आणि पान सगळ्यांना दाखवलं.

रंजना उठली. चटयांमधून वाट काढत पुढे आली आणि तिनं माझ्या मुस्काटात मारली. डाव्या हाताची होती, म्हणून गालावर न बसता कानावर बसली. चष्मा उडाला. डोक्यात शिट्टी वाजत राहिली. आशाबी अर्धवट उठली होती, ती पुन्हा खाली बसली.

"झालं?" पारूनं विचारलं. मला की रंजनाला, ते कळलं नाही.

"झालं," रंजना म्हणाली. ती परत गेली नाही. पुढच्याच चटईवर बसली आणि पिशवीतून वही काढली. "आता सांगा. कसं उठवायचं?"

"ते पारू सांगेल," मी म्हणाले आणि चष्मा शोधून रंजनाच्याच शेजारी खाली बसले.

पारू पुढे आली. इतक्या जणींसमोर उभी राहायची तिला सवय नव्हती. तिनं पदर दोनदा सारखा केला.

"उठवायचं नंतर," ती म्हणाली. "पयलं घरच्यांस्नी इचारायचं, ह्यो मानूस जन्मभर काय करत हुता. शेतात हुता का गिरणीत. कुनाचा मार खाल्लाय का. कुटं हात लावल्याला त्याला चालत न्हाई. आन् घरच्यांस्नी ठावं नसलं, तर आपन बगायचं. चार दिस नुसतं बगायचं."

बायका लिहू लागल्या. रंजनानं उजव्या हातात पेन धरून पाहिलं. वाकलेलं कोपर वहीपर्यंत येत नव्हतं. तिनं डाव्या हातात धरलं, दोन अक्षरं काढली आणि थांबली.

मग माझ्याकडे न बघता तिनं वही आणि पेन माझ्या मांडीवर ठेवलं.

मी लिहू लागले.